जनरल केमिस्ट्रीची शेवटची जागा

"मॅम, फक्त तुमचं अप्रूव्हल हवंय," हिबा दारातूनच म्हणाली. "अब्बा खाली गाडी चालू ठेवून थांबलेत. आम्ही निझवाला, घरी निघालोय."

सप्टेंबरमधली गुरुवारची सकाळ होती. मस्कतमधल्या त्या खाजगी कॉलेजात कोर्स बदलायचा हा शेवटचा दिवस. संध्याकाळी चार वाजता पोर्टल बंद झालं की मग सत्रभर काहीही बदलत नसे. सुचित्रा आगाशे तिथे रसायनशास्त्र शिकवायची आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची सल्लागारही होती. कुणी केमिस्ट्रीचा कुठला कोर्स घ्यायचा ते मुलं तिला विचारून ठरवत, आणि प्रत्येक बदलाला तिची मंजुरी लागे.

"काय बदलतेयस?" तिने विचारलं.

"जनरल केमिस्ट्री सोडून एव्हरीडे केमिस्ट्री घेतेय. सीनियर्स म्हणतात, एव्हरीडेमध्ये ए ग्रेड नक्की. जनरलमध्ये जीपीए बुडतो. आणि मेडिकलला जीपीएच बघतात ना?"

कॉलेजात पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीचे तीन कोर्स होते. ज्यांना पुढे मेडिकलला जायचंय त्यांच्यासाठी जनरल, इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक वेगळा, आणि मॅनेजमेंट, डिझाइन वगैरेच्या मुलांना एखादा विज्ञानाचा विषय घ्यावाच लागतो म्हणून एव्हरीडे. साबण, औषधं, प्लास्टिक, पिण्याचं पाणी. लॅब नाही, गणित नावापुरतं. कोर्स चांगला होता, सुचित्राने स्वतः तो दोनदा शिकवला होता. पण मेडिकलचा अर्ज करताना तो जमेस धरत नसत. तिथे जनरल केमिस्ट्रीची दोन्ही सत्रं लॅबसकट लागत, आणि पहिलं सत्र फक्त सप्टेंबरमध्ये सुरू व्हायचं. आत्ता चुकलं की वर्ष गेलं.

हे वाक्य सुचित्रा दर वर्षी शंभर वेळा बोलायची. आज तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं.

कारण जनरल केमिस्ट्रीची लॅब भरलेली होती. ओटे मोजके, त्याहून जास्त मुलं आत घ्यायची नाहीत असा सुरक्षेचा कडक नियम. एकाने जागा सोडली तरच पुढच्याला मिळणार. आणि वेटिंगवर पहिलं नाव होतं क्षितिज आगाशे. तिचा मुलगा.

क्षितिजने बारावीनंतर एक वर्ष घरी बसून नीटची तयारी केली होती. दुसऱ्यांदाही गुण कमी पडले. भारतात कुठेतरी मिळेल, या आशेवर घरचे ऑगस्ट संपेपर्यंत थांबले, आणि इथला प्रवेश घेईपर्यंत जनरलच्या जागा संपल्या.

"चालेल ना, मॅम?" हिबाने विचारलं. खालून हॉर्न वाजला.

"निवड तुझी आहे," सुचित्रा म्हणाली, आणि तिने मंजुरीचं बटण दाबलं.

"थँक यू, मॅम!" हिबा धावतच गेली. तिच्या सँडलचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला आणि सुचित्राला वाटलं, आता हाक मारली तरी ऐकू जाईल. तिने हाक मारली नाही.

ती खोटं बोलली नव्हती. निवड खरोखरच हिबाची होती. मुलगी सज्ञान होती, कोर्सची माहिती कॉलेजच्या वेबसाइटवर होती, वाचायची तर कुणीही वाचावी. हे सगळं तिने मनात मांडून बघितलं, आणि पुन्हा एकदा मांडून बघितलं.

थोड्याच वेळात फोन वाजला. गुरुदत्त, तिचा नवरा. तो ऑफिसातून इतक्या मोठ्याने बोलत होता की तिने फोन कानापासून लांब धरला.

"आली! क्षितिजची जागा आली! मला आत्ता मेसेज आला, पालक म्हणून. चार वाजेपर्यंत कन्फर्म करायचंय म्हणे."

"क्षितिज कुठाय?"

"अगं, आज लायसन्सची रोड टेस्ट नाही का त्याची? सकाळपासून तिथे लाइनीत बसलाय. फोन इन्स्ट्रक्टरकडे ठेवलाय त्याने. तीन वेळा लावला, उचलत नाही कुणी." तो क्षणभर थांबला. "सुचित्रा, तू करून टाक ना. तुझ्याकडे आहे ना सिस्टीम?"

"मी त्याच्या नावाने कसं करणार?"

"मग त्याच्या लॉगिनने कर. पासवर्ड माहितीये तुला. आपलाच मुलगा आहे, कुणाचं काय चोरतोय आपण?"

"बघते," ती म्हणाली.

"बघते काय? पोरगा दीड महिना खोलीतून बाहेर पडत नव्हता, विसरलीस? काल पहिल्यांदा हसला तो. कर आणि मला कळव."

फोन बंद झाला. सुचित्राने क्षितिजच्या लॉगिनने पोर्टलवर त्याचं पान उघडलं. 'जागा उपलब्ध. स्वीकारायची आहे का?' हिरवं बटण. दीड महिना. गुरुदत्त उगाच वाढवून बोलत नव्हता. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचं आणि तासाभराने अर्धवट उष्टं उचलून आणायचं, हेच चाललं होतं. एकदा तिने दार ढकललं तर तो पडद्याकडे तोंड करून झोपला होता आणि म्हणाला होता, "आई, प्लीज, आत्ता काही बोलू नकोस."

तिचा हात माउसवर होता. तेवढ्यात दारावर पुन्हा कुणीतरी आलं.

सुफियान नावाचा मुलगा, सोहारहून आलेला. वडील तिथल्या एका कारखान्यात टेक्निशियन होते, आणि याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. पहिल्याच आठवड्यात तो केमिस्ट्रीला घाबरला होता.

"मॅम, मी एव्हरीडे केमिस्ट्री घेऊ का? सगळे म्हणतात सोपंय."

"अजिबात नको," सुचित्रा म्हणाली. ती स्क्रीनवरून नजर न काढताच बोलत होती, सवयीने. "इंजिनिअरिंगला ते धरत नाहीत. दुसऱ्या वर्षाला मटेरियल्सचा विषय आला की तुला अडवतील, आणि मग मागे येऊन हाच कोर्स करावा लागेल. वर्ष जाईल. गणित कच्चं असेल तर मंगळवारी शिकवणीचा तास असतो, तिथे बस. आत्ता सोपं दिसतंय म्हणून पुढचं दार बंद करून घेऊ नकोस."

"बरं झालं विचारलं, मॅम," सुफियान म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

तो गेला. सुचित्रा खुर्चीत तशीच बसून राहिली. किती सहज आलं होतं तोंडून. सुफियानने तिचं काही अडवलं नव्हतं, म्हणून त्याला ते मिळालं. हिबालाही हेच सांगायला जेमतेम एवढाच वेळ लागला असता.

तिने क्षितिजचं पान बंद केलं.

नियम असा होता की केलेला बदल विद्यार्थ्याला, किंवा त्याच्या सांगण्यावरून सल्लागाराला, त्याच दिवशी मागे घेता येई. अट एकच: तोवर वेटिंगवरच्या मुलाने जागा स्वीकारलेली नसावी. म्हणजे हिबाशी बोलायचं तर क्षितिज टेस्ट संपवून फोन हातात घेईल त्याआधी. आणि तो कधी मोकळा होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. आता, या क्षणी, तो गाडीत पोलीस अधिकाऱ्याशेजारी बसला असेल, किंवा बाहेर येऊन इन्स्ट्रक्टरकडे फोन मागतही असेल.

तिने हिबाचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. कॉलेजात नोंदवलेला वडिलांचा नंबर शोधला. रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही. दुसरा नंबर निझवाच्या दुकानाचा होता.

"हां, बोला," तिकडून एका माणसाने उचललं. मागे सूकच्या बाजारातला कालवा ऐकू येत होता.

"मी हिबाच्या कॉलेजमधून बोलतेय. तिच्या वडिलांशी, हुसैनमियाँशी बोलायचंय, तातडीचं आहे."

"मी त्यांचा भाव, इरफान. भाईजान पोरीला आणायला मस्कतला गेलेत. गाडी चालवताना फोन नाय घ्यायचे ते, मागे मोठा दंड बसलाय. काय झाला? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे, अगदी बरी आहे. कोर्सचं काम आहे. त्यांचा फोन आला तर सांगा, ताबडतोब मला फोन करा म्हणावं. चार वाजायच्या आत. त्याच्याही आधी. जितक्या लवकर होईल तितकं."

"इन्शाल्ला, सांगतो."

तिने हिबाला मेसेज टाकला, तिच्या वडिलांना टाकला. दोन्हीकडे एकच टिक उमटली, दुसरी नाही. मग तिने पुन्हा पोर्टल उघडलं. जागा अजून तशीच होती. ती ते पान सारखं ताजं करत राहिली. प्रत्येक वेळी पान पांढरं व्हायचं, आणि पुन्हा भरलं की ती आधी तीच एक ओळ शोधायची. दर वेळी तिला आपल्या मुलाचं नाव तिथे नको होतं, आणि दर वेळी ते तिथे दिसलं असतं तर आपण सुटलो असतो, असंही वाटत होतं.

मंजुरी चुकून दिली म्हणून ती स्वतःच रद्द करावी का? तेही मनात आलं. पण मग हिबाला न विचारता हिबाचं आयुष्य हलवायचं, सकाळी केलं तसंच. तिने ते केलं नाही.

गुरुदत्तचा फोन येत होता. तिने उचलला नाही. पुन्हा आला. मग तिसरा फोन आला, अनोळखी आवाजाचा.

"मॅडम, हुसैनमियाँ बोलतोय. वाटेत समाईलला पेट्रोल पंपावर नमाजला थांबलोय. इरफानने सांगितला. काय झाला?"

"हिबा शेजारी आहे का? फोन स्पीकरवर टाका. दोघांनीही ऐका."

"हिचा फोन चार्ज नाय. हां, बोला."

सुचित्राने काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण ते सगळं पुसलं गेलं. "हिबा, सकाळी मी तुला एक गोष्ट सांगायला हवी होती. एव्हरीडे केमिस्ट्री मेडिकलला चालत नाही. ए मिळो, नाही तर काहीही मिळो. तुला जनरलच लागेल, आणि या वर्षी नाही घेतलंस तर पुढच्या सप्टेंबरशिवाय मिळणार नाही."

तिकडे गाड्यांचा आवाज. मग हिबा म्हणाली, "पण मॅम, मी तुम्हाला विचारलं होतं. चालेल ना, म्हणून विचारलं होतं."

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगायचं नव्हतं म्हणून. तू सोडलेली जागा माझ्या मुलाला मिळतेय. वेटिंगवर तो पहिला आहे."

फोन कापला की काय, म्हणून तिने स्क्रीनकडे पाहिलं.

"मॅडम," हुसैनमियाँचा आवाज हळू झाला होता, "म्हंजे आमच्या पोरीने जागा सोडली तर ती तुमच्या पोराला, असा?"

"हो."

"आणि तुम्ही फोन करून सांगताय, सोडू नको."

"हो. बदल मागे घेता येतो अजून. पण माझ्या मुलाने ती जागा घेतली की मग नाही. तो टेस्टला गेलाय. बाहेर आला की फोन बघेल."

"मॅम, मला भीती वाटते," हिबा म्हणाली. "आठवडाभर वर्गात मला काही समजलं नाही. मोल, मोलॅरिटी, सगळं डोक्यावरून जातं. सी आला तर? तर मग मेडिकल असंही नाही आणि तसंही नाही. मला थोडा वेळ द्या ना. घरी जाऊन विचार करते."

इथे सुचित्राला गप्प बसता आलं असतं. तिचं सगळं सांगून झालं होतं. मुलीला वेळ हवा होता, वेळ देणं हीच तर रीत. त्या वेळात क्षितिज बाहेर आला असता आणि कुणालाच दोष देता आला नसता. खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्यांवर ऊन नुसतं तापत होतं. तिने डोळे मिटले.

"वेळ नाहीये, हिबा. सी येऊ शकतो, मी तुला नक्की काही सांगत नाही. पण पहिल्या आठवड्यात मोल कुणालाच समजत नाहीत, मलाही समजले नव्हते. मंगळवारी जादा तास असतो. डॉक्टर व्हायचंय का तुला? तेवढंच सांग."

"अब्बा?" हिबाने विचारलं.

"मी काय बोलू, बाय? मला त्यातला काय कळतंय?" हुसैनमियाँ म्हणाले. "तू बोल. पण आत्ता बोल."

एक ट्रक जवळून गेला असावा. त्याच्या आवाजात हिबाचे शब्द बुडाले.

"काय म्हणालीस?" सुचित्रा जवळजवळ ओरडली.

"करा, मॅम. मागे घ्या."

सुचित्राने बटण दाबलं. पान पांढरं झालं, आणि पांढरंच राहिलं. मग हळूहळू अक्षरं उमटली. जनरल केमिस्ट्री: हिबा. जागा शिल्लक नाही.

"झालं," ती म्हणाली.

हुसैनमियाँ काहीतरी म्हणाले, बहुधा आभाराचंच, तेवढ्यात फोन बंद झाला. हिबानेच केला असावा.

क्षितिजचा फोन आला तेव्हा सुचित्रा अजून तिथेच बसलेली होती. "आई! पास झालो! फर्स्ट अटेम्प्ट! ऑफिसर म्हणाला, व्हेरी गुड!" मग लगेच, "आणि बाबांचे मिस्ड कॉल्स आहेत खूप. मेसेज आलाय, सीट ओपन म्हणून. थांब, मी करतो कन्फर्म." ती ऐकत राहिली. त्याच्या बोटांचा आवाज येत नव्हता, पण तिला तो ऐकू आला. "आई, हे नॉट अव्हेलेबल दाखवतंय. तू बघतेस का?"

"ती जागा गेली, क्षितिज."

"हाऊ? आत्ता तर मेसेज आला होता."

"घरी ये. मी सांगते सगळं."

घरी तिने सांगितलं. मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तिघंही उभेच होते, कुणाला बसायचं सुचलं नाही. तिने सकाळपासूनचं काहीही न वगळता सांगितलं. गुरुदत्तने मध्येच चष्मा काढून टेबलावर आपटला.

"त्या मुलीला आईबाप आहेत. तिचं भलं बघायला ते समर्थ आहेत. याचं कोण बघणार? मी तुला फक्त एक बटण दाबायला सांगितलं होतं."

"मी सकाळी दाबलं होतं एक बटण. तेच चुकीचं होतं."

"चूक झाली, झाली! दुरुस्त करायला आपलाच मुलगा सापडला तुला? त्याचं अजून एक वर्ष?"

क्षितिज आईकडे बघत होता, एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसा. मग आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. सुचित्राला आपटलेलं चाललं असतं.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी कॉलेज उघडलं तशी ती विभागप्रमुखांकडे गेली. कौशिक तसे सौम्य बोलणारे, पण सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "मुलगी वाचली ते ठीक," ते इंग्रजीत म्हणाले, "पण तुमचा मुलगा वेटिंगवर आला त्याच दिवशी तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी ते काम दुसऱ्याकडे दिलं असतं. ही वेळच आली नसती." त्या सत्रापुरतं सल्लागाराचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं. मुलं सवयीने तिच्या दाराशी यायची आणि ती त्यांना समोरच्या खोलीत पाठवायची.

क्षितिजने त्या वर्षी बायोलॉजी, इंग्लिश आणि स्टॅटिस्टिक्स घेतलं. केमिस्ट्री पुढच्या सप्टेंबरवर गेली. कॉलेजात तो नियमित जायचा, एवढं बरं होतं. पण घरी आईशी कामापुरतं बोलायचा. जेवण स्वतः वाढून घ्यायचा, ताट स्वतः धुवायचा. गुरुदत्तचा राग पंधरा दिवसांत निवळला. तो रागावतो तसा निवळतोही. मुलाचं तसं नव्हतं.

नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी ती हॉलमध्ये पेपर तपासत बसली होती आणि क्षितिज लॅब कोटाला इस्त्री करत होता. अचानक तो म्हणाला, "हिबा माझ्या बायोच्या ग्रुपमध्ये आहे."

तिने पेन थांबवलं. "माहीत नव्हतं मला."

"मिडटर्ममध्ये तिला जनरल केमला बासष्ट पडले. शी वॉज क्राइंग." त्याने बाही उलटवली. "मला जास्त मिळाले असते."

"कदाचित मिळाले असते."

"तिने मला सांगितलं सगळं. फोनवर तू काय बोललीस ते. तुला वाटतं मी त्याच्यावरून रागावलोय, की तू तिला सीट दिलीस." तो मराठी शब्द शोधत होता, एकेक उचलून ठेवल्यासारखा. "तसं नाहीये. तू तिला फोन केलास, तिच्या बाबांना केलास, दुकानात केलास. मला नाही केलास."

"तू टेस्टला होतास."

"टेस्टनंतर. तू थांबू शकत होतीस. मला सांगितलं असतंस, तर मी सोडली असती सीट. मे बी. आय डोन्ट नो. पण तू माझ्याबरोबर रेस लावलीस, आई. जसा काही मी... जसा काही मी चोर आहे."

सुचित्राने चष्मा काढला. इतक्या आठवड्यांत तिने या मुलाला द्यायची कितीतरी उत्तरं मनात तयार केली होती. वर्षाचं काय, कष्टाचं काय, त्या मुलीचं काय. यातलं एकही उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं.

"तुझी भीती नव्हती मला," ती म्हणाली. "माझी होती. तुला विचारलं असतं, आणि तू म्हणाला असतास, 'आई, मला दे,' तर मी दिली असती. मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून विचारलं नाही."

क्षितिज कोटाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिला. सरळ झालेल्या कापडावर पुन्हा पुन्हा.

"म्हणालो असतो," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा तरी. बहुतेक म्हणालो असतो."

"म्हणजे माझी भीती तरी खरी होती."

"हं. पण तरी विचारायला हवं होतंस."

"हो," सुचित्रा म्हणाली. "हवं होतं."

त्याने इस्त्री उभी केली, प्लग काढला आणि कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. आत जायला निघाला, मग स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला.

"जेवायला काय आहे?"

"मुगाची खिचडी. आणि कढी."

"मला पण वाढ," तो म्हणाला, आणि टेबलावरचे तिचे पेपर एका बाजूला सरकवून खुर्ची ओढून बसला.